गिअरवरचा हात

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स मी मोडला, ही बातमी जुळे सोलापूर भागात पसरवायचं काम आमच्या ह्यांनी मोठ्या आवडीनं केलं. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, जेऊरला माझ्या आक्काला फोन लावून सांगितलं. "बाईनं गिअर शिकता शिकता गिअरच संपवला की," असं म्हणायचं आणि माझ्याकडं बघून हसायचं. मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. कुणाची चूक हे ठरवायच्या आधी चौकशी करायची असते, एवढं मला कळतं. पण ह्या वेळी मी गप्प बसले, कारण मलाही आतून वाटत होतं की मोडला असेल मीच.

गाडी शिकायची हौस माझी नव्हती. मी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनी शिकाऊ लायसन्सचा फॉर्म भरून माझ्यापुढं ठेवला. विचारलं नाही, सांगितलं नाही, नुसतं "सही कर" म्हणाले. मी म्हटलं, स्कूटी चालवते तेवढी पुरे, ह्या वयात चारचाकी कशाला. तर म्हणाले, "घरात बसून गंज चढंल." आता ह्यांना स्वतःला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, त्यांच्या गंजाचा फॉर्म कुणी भरला नव्हता. पण सही केली.

आणि केली ते बरं केलं, कारण दोन महिन्यांत मला गाडीचं वेडच लागलं. आक्का जेऊरला एकटी असते. तिचे गुडघे गेलेत, ती येऊ शकत नाही, आणि मी जायचं म्हणजे एसटी बदला, पिशव्या सांभाळा, नाहीतर ह्यांच्या सवडीची वाट बघा. आपणच गाडी काढावी, सकाळी निघावं, दुपारी तिच्या हातची भाकरी खावी, हे मला रोज स्वयंपाक करताना दिसायला लागलं. परीक्षेची तारीख मिळाली ती शिकाऊ लायसन्सच्या अगदी शेवटच्या आठवड्यातली, सोमवारची. ती चुकली की लायसन्स संपलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि साठीला टेकलेली बाई एखादी गोष्ट दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू करत नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या सोमवारला बारा दिवस उरले असताना तिसरा गिअर पडेनासा झाला. जोर लावून पाडला की खर्रर्र असा आवाज करायचा आणि सात रस्त्याच्या चौकापर्यंत जायच्या आत आपला आपण निसटायचा. मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि पुढचे पंधरा दिवस मला मान वर करायला सवड नाही. मी रडवेली झाले. हे म्हणाले, "त्याला कशाला पायजे? घरीच खोलतो की."

ह्यांची ओळख करून द्यायला हवी. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. कारखान्यात सगळे म्हणायचे की ह्यांना माग उघडावा लागत नाही, चालत्या मागावर नुसता तळवा ठेवला की कुठला दात झिजलाय ते सांगतात. ती सवय घरीही आली. मिक्सर लावला की ह्यांचा हात मिक्सरवर. पाण्याची मोटार सुरू झाली की हात मोटारीवर. फ्रीजवर हात ठेवून असे उभे राहतात की पाहुण्यांना वाटावं फ्रीजला आशीर्वाद देतायत. मी गाडी शिकत होते तेव्हाही शेजारी बसून ह्यांचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर. मी गिअर बदलायचा तर आधी ह्यांचा हात उचलायचा. "हात काढा," मी म्हणायची. काढायचे, आणि पुढच्या चौकात परत तिथंच. माझ्यावर विश्वास नाही, दुसरं काय, असं मी मनाशी धरून बसले होते.

गाडीचा गिअरबॉक्स ह्यांनी जन्मात उघडला नव्हता. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "मागाला काय, ह्याला काय, दातात दात अडकिवला की झालं." शुक्रवारी सकाळी पोर्चमध्ये गाडीचं तोंड वर उचललं, खाली लोखंडी घोड्या लावल्या, इंजिनला जॅकचा टेकू दिला आणि हे पाठीवर झोपून आत गेले. पहिली मागणी आली ती माझ्या पराती​ची. मी कणीक मळते तिची. का, तर गिअर ऑईल काढायला भांडं पाहिजे. मी प्लॅस्टिकचा टब दिला. ते म्हणाले टब उंच आहे, खाली बसत नाही. त्यावर आमचं जे काही झालं ते सोडा, पण परात गेली ती गेलीच. त्या ऑईलचा वास ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. आठ दिवस माझ्या घराला सडक्या लसणाचा वास येत होता.

पुढची मागणी चादरीची. आक्कासाठी एक नवी कोरी चादर आणून ठेवली होती, चांगली जाड, मोरांची नक्षी असलेली. गिअरबॉक्स म्हणजे तीस किलोचं धूड, ते अलगद खाली उतरवायचं तर झोळी पाहिजे. घरात जुन्या चादरी नव्हत्या असं नाही, पण ह्यांनी एकेक चादर ताणून बघितली, चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "वजनाचं काम हाय. हीच पायजे." मग बॉनेट उघडून दोन्ही बाजूंवर आडवा वासा टाकला, त्यावरून चादरीची झोळी सोडली, आणि एक टोक माझ्या हातात दिलं. बोल्ट निघाले, चाकांचे एक्सल निघाले, आणि हळूहळू, इंच इंच करत, आक्काच्या मोरांच्या पाळण्यात बसून आमचा गिअरबॉक्स जमिनीवर आला. माझे दोन्ही तळहात लाल झाले. हे गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, तू कारखान्यात असतीस तर लवकर जॉबर झाली असतीस." लग्न झाल्यापासून मला ह्यांच्याकडून मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र.

त्या दिवसांत मी एक नवीन भाषा शिकले. कारखान्यात दीड-दोनशे माग एकदम चालतात, तिथं माणसाचा आवाज माणसाला जात नाही. म्हणून तिथं सगळं बोलणं हातानं. हे मला माहीत होतं, पण घरी ह्यांनी ते कधी केलं नव्हतं. आता हे गाडीखाली असायचे आणि बाहेर नुसता एक हात यायचा. दोन बोटं म्हणजे बाराचा पाना. चार म्हणजे चौदाचा. मूठ म्हणजे हातोडी. बोटं चोळली की पुसायला सुताच्या चिंध्या. आणि काम नीट झालं की पंजा आडवा धरून दोनदा इकडून तिकडं सरकवायचा, मागावर धोटा फिरतो तसा. त्याचा अर्थ, चालू आहे, काळजी नाही. ह्या खुणा मी दोन दिवसांत पाठ केल्या. पस्तीस वर्षं पोरांना पाठांतर करायला लावलं, आता माझ्यावर पाळी.

फक्त एक गोष्ट मला चीड आणायची. मी चहा घेऊन जायचे आणि हाक मारायचे. उत्तर नाही. "अहो, चहा." उत्तर नाही. तिसऱ्यांदा शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून बघायचं, पण गाडीखालून हूं की चूं नाही. मग मी पळीनं गाडीच्या पत्र्यावर ठोकायची, की लगेच हे बाहेर. "वरडायला काय झालं, आलो की." मी म्हणायची, मुद्दाम करता तुम्ही. त्यावर हसायचे. हे हसणं मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. कशाचंही उत्तर द्यायचं नसलं की ते येतं.

रविवारी गिअरबॉक्स उघडला. चादर अंथरली (मोर तोवर काळे झाले होते), आणि जो भाग निघेल तो ओळीनं तिच्यावर. प्रत्येकाला ह्यांनी रंगीत सुताची गाठ बांधली. मी म्हटलं, मी कागदाच्या चिठ्ठ्या लावते, अक्षर चांगलं आहे माझं. म्हणाले, "वाचायला कोण बसलंय?" तरी मी लावल्या. एका भागापाशी आल्यावर हे थांबले. दोन शिंगांचा काटा असतो, गिअरचा दांडा हलवला की तो आतल्या गिअरला ढकलतो. फोर्क म्हणतात त्याला. तो हातात घेऊन हे खूप वेळ बघत बसले, अंगठा फिरवत बसले. मी विचारलं, काय मिळालं? तर म्हणाले, "बघू. चहा टाक." मी चहा घेऊन आले तोवर तो चिंध्यांत गुंडाळलेला होता, सुतळीनं बांधून, पाकिटासारखा.

सोमवारी सकाळी ह्यांची पाठ धरली. तीन दिवस फरशीवर लोळल्यावर धरणारच. त्यामुळं स्पेअर पार्टच्या दुकानात मला जावं लागलं. "नुसतं पुडकं दे, त्याला कळतंय," असं तीन वेळा बजावलं. "तू उघडू नको, ऑईल लागंल." परात दिली तेव्हा ऑईलची काळजी नव्हती ह्यांना. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. त्यानं सुतळी सोडली, काटा उजेडात धरला आणि एका शिंगाच्या आतल्या बाजूवर नख ओढलं. "हे बघा बाई," म्हणाला, "ही बाजू बघा आणि ही बाजू बघा." मी बघितलं. एक बाजू जाड होती, दुसरी झिजून पत्र्यासारखी पातळ. "गाडी चालवताना गिअरवर हात ठेवून बसायची सवय आहे कुणाला तरी. हाताचा सगळा भार इथं येतो. दिवसभर घासत राहतं."

मी विचारलं, "सहा महिन्यांत एवढं झिजतं का? कुणी नवीन शिकत असलं तर?"

तो हसला. "सहा महिने? ही निदान आठ-दहा वर्षांची मेहनत आहे."

मी ते दुकान सोडलं तेव्हा स्कूटीला पंख फुटले होते म्हणा. दूधवाला, इस्त्रीवाला, आक्का, सगळ्यांची नावं मनात ओळीनं लावली, कुणाला आधी सांगायचं ते. घरी आले. नवा फोर्क ह्यांच्या हातात दिला. दुपारी ताट वाढलं. भाकरी, पिठलं, कांदा, शेंगाची चटणी, आणि चटणीच्या शेजारी, स्वच्छ घासून पुसून, तो झिजलेला जुना फोर्क.

हे जेवायला बसले. ताटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. भाकरी मोडली, फोर्क वगळून बाकी सगळं जेवायला लागले. मी म्हटलं, "वाढू का अजून? आठ-दहा वर्षांचा मुरलेला आहे." ह्यांनी कांदा फोडला. मी म्हटलं, "दूधवाल्याला उद्या तुम्ही सांगता का मी सांगू?" आता हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. घास हातात तसाच धरून म्हणाले, "हात ठिवला न्हाय तर कळत न्हाय."

"काय कळत नाही?"

"इंजिन. गिअर कवा बदलायचा ते."

"त्यात कळायचंय काय? आवाज येतोच की इंजिनचा."

"तुला येतोय," हे म्हणाले.

मला ते समजायला जरा वेळ लागला. मी वाढायला वाकले होते ती तशीच राहिले. मग एकेक गोष्ट आपापल्या जागेवर जाऊन बसायला लागली. टीव्हीचा आवाज, ज्यावरून मी रोज भांडते. फोन वाजत राहतो आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. बोललेल्या प्रत्येक गोष्टीला "हां हां". मिक्सरवरचा हात, मोटारीवरचा हात. पत्र्यावर ठोकलं की बाहेर येणारं ते डोकं. बत्तीस वर्षं दोनशे मागांमध्ये उभं राहिलेल्या माणसाचे कान शाबूत असतील असं मी कुठल्या हिशेबानं धरलं होतं, देव जाणे. आणि मी ह्यांना म्हणत आले होते, मुद्दाम करता.

"मागच्या दिवाळीत," हे ताटाकडं बघत म्हणाले, "मोहोळच्या अलीकडं टँकर मागं लागला व्हता. आठवतंय?"

आठवत होतं. तो टँकर हॉर्न देऊन देऊन थकला आणि शेवटी डाव्या बाजूनं अगदी घासून गेला. मी पुढचे दहा किलोमीटर ह्यांना फैलावर घेतलं होतं. एवढा कसला हट्ट, बाजू दिली तर काय बिघडतं.

"मला ऐकूच आला न्हाय त्यो. तू शेजारी बसलेलीस." मग पाणी प्याले. "म्हणून तर फॉर्म भरला तुझा."

मी फोर्क ताटातून उचलला आणि आत जाऊन रडले. राग आला होता, तो कुणाचा ते सांगता येत नव्हतं. यंत्राला हात लावून विचारता येतं आणि बायकोला तोंडानं सांगता येत नाही, ह्याचा राग. इतकी वर्षं शेजारी बसून मला कळलं नाही, ह्याची लाज. परीक्षा आक्काच्या भाकरीसाठी आहे असं मी समजत होते. आता तिच्यात नापास होऊन चालणार नव्हतं. तोंड धुऊन बाहेर आले तर ह्यांनी स्वतःचं ताट उचलून ठेवलं होतं, जे लग्नापासून कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "कानाच्या डॉक्टरकडं जायचं. नाही म्हणायचं नाही." ह्या वेळी मी ह्यांच्या तोंडासमोर उभं राहून म्हटलं होतं. म्हणाले, "व्हय बाई."

जोडायला चार दिवस लागले. पाठ धरलेली असल्यामुळं निम्मं काम माझ्या हातांनी झालं आणि ह्यांनी खुर्चीत बसून खुणा केल्या. चिठ्ठ्या शेवटी कामाला आल्या. दोन सुतं ऑईलनं सारखीच काळी झाली होती, लाल कुठलं आणि निळं कुठलं ते जॉबरलाही सांगता येईना. मी चिठ्ठी वाचून दाखवली, जरा मोठ्यानं, एवढंच. गिअरबॉक्स वर चढवताना शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं, आणि ह्यांनी त्यांनाही सांगितलंच, "गिअर माझ्यामुळं गेला व्हता." दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. आक्काला फोन लावून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू सांग, मला तिचं नीट ऐकू येत न्हाय."

शनिवारी गाडी सुरू केली. हे बॉनेटवर तळवा ठेवून उभे. मला आत बसवलं. "काय ऐकू येतंय?" विचारलं. असं ह्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. म्हटलं, बाई वर्गाबाहेर गेल्यावर पोरं कुजबुजतात तसं, एकसारखं. मध्ये कुणी ओरडत नाही. हे थोडा वेळ तळव्यानं बघत राहिले, मग मान हलवली. "बराबर हाय."

सोमवारी परीक्षा झाली. गाडी पुढं घेतली, मागं घेतली, चढावर थांबवली, तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. आरटीओच्या साहेबांनी विचारलं, ह्या वयात कुणी शिकवलं? मी म्हटलं, घरच्यांनी. साहेब म्हणाले, पास. मैदानाच्या कुंपणापलीकडं हे उभे होते. ऐकू जाणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी खिडकीतून पंजा बाहेर काढला आणि दोनदा आडवा सरकवला. ह्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, ऊन फारसं नव्हतं तरी.

पुढच्या रविवारी जेऊरला निघालो. आक्काला दुसरी चादर घेतली, ह्या वेळी ह्यांच्या हाताला लागणार नाही अशी मागच्या सीटवर ठेवली. शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला, मी तिसऱ्यातून चौथ्यात गेले, आणि बघते तर ह्यांचा हात आपला हळूहळू सरकत दांड्याकडं निघालेला. "हात काढा" म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण म्हटलं नाही. स्टेअरिंगवरून डावा हात उचलला, पंजा आडवा धरला आणि दोनदा सरकवला. चालू आहे.

ह्यांनी खूण बघितली. हात परत मांडीवर नेला, दुसरा हात त्यावर ठेवला. मोहोळ यायच्या आत मान एका बाजूला कलली. इतक्या वर्षांत हा माणूस गाडीत कधी झोपला नव्हता. असा घोरत होता की इंजिन ऐकू येईना. ह्यांना ते ऐकू येत नाही, हे एक बरं आहे. मागं एक टँकर हॉर्न देत होता. मी बाजू दिली.